धोंडूचा अर्ज आणि तीन रकाने

मुलांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात भाषांतराचं ऑफिस होतं. नियम असा, की पत्र परदेशी धाडायचं तर आधी त्याचं इंग्रजी करायचं आणि मग त्या देशाच्या भाषेत न्यायचं. जंगलात इंग्रजी कोणालाच नीट येत नव्हतं. म्हणून ऑफिस फार मोठं होतं.

एके सकाळी धोंडू नावाचं पाणमांजर तिथे आलं. त्याचा थोरला भाऊ केरबा आठवड्यापूर्वी वारला होता. केरबाची एक मैत्रीण जपानात राहायची, युकी नावाची क्रौंच पक्षीण. तिला कळवायचं होतं. जपानला जाणारं बदक दुपारी उडणार होतं. पुढची फेरी वर्षाने.

"काय लिहू?" ऑफिसच्या मुख्य साळुंकीबाईंनी विचारलं.

"लिहा, दादा गेला. मला करमत नाही."

"म्हणजे मिस करतोस."

"असेल."

इंग्रजी झालं. आता जपानी. ते खातं धनेशसाहेबांचं. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

"जपानीत मिसला एकच असा शब्द नाही. हे तीन रकाने बघ. एकटं वाटणं. भेटावंसं वाटणं. जुनं आठवून बरं वाटणं. एकावर खूण कर."

"एकटं वाटतं."

"छान."

"भेटावंसं पण वाटतं."

"दोन खुणा चालत नाहीत."

"आणि काल हसू आलं. दादाने एकदा मासा समजून स्वतःचंच शेपूट धरलं होतं."

"मग तिसरा रकाना."

"पण नंतर रडलो."

साळुंकीबाई हळूच म्हणाल्या, "हसून रडणं फॉर्मात नाही रे, बाळ."

"पोटसमिती नेमू," धनेशसाहेब म्हणाले. "पावसाळ्यापर्यंत अहवाल येईल."

धोंडूने फॉर्म टराटरा फाडला आणि तळ्याकडे पळत सुटला. बदक पंख झटकत होतं.

"बदकभाऊ, युकीला सांग, दादा गेला."

"बरं. आणि पुढे?"

"पुढचं मला येत नाही."

बदक उडालं. जपानात पोचून त्याने तेवढंच सांगितलं. युकी बराच वेळ एका पायावर उभी राहिली. मग तिने विचारलं, "धाकटा जेवतो का?"

पुढच्या हिवाळ्यात बदकाने परत आल्याआल्या हे धोंडूला सांगून टाकलं. ऑफिसला विचारलंसुद्धा नाही. धोंडू म्हणाला, "जेवतो म्हणून सांग. आता जेवतो."

बदकाला नियमभंगाची नोटीस गेली. पोटसमितीचा अहवालही आला. त्यात लिहिलं होतं, "नेमका शब्द नसल्यामुळे जपानात कोणाला कोणावाचून न करमण्याचा प्रश्नच उद्भवत नाही."

तात्पर्य: दुःख करण्याआधी त्याला मंजूर शब्द आहे की नाही, याची ऑफिसात चौकशी करावी. नसल्यास दुःख पुढे ढकलावं आणि दोन घास खाऊन घ्यावेत.