माईंचे एकशे अठ्ठावीस जीबी

आनंदा तातोबा कुंभोजकर यांच्या मते महाराष्ट्रात खरे गुप्तहेर दोनच झाले. त्यातला पहिला इतका गुप्त राहिला, की त्याचं नाव कुणालाच कळलं नाही. दुसरे ते स्वतः.

"नजर घारीची, नाक मुंगसाचं, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची," अशी ते नव्या माणसाला आपली ओळख करून देत. त्यांचा सहायक ज्ञानेश तेव्हा शेजारी उभा असे. इतकी जनावरं एका माणसात राहतात म्हणजे आत फारच दाटीवाटी होत असणार, असं त्याला दर वेळी वाटे.

आनंदरावांनी बावीस वर्षं तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात फाटकावर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून काढली होती. तिथं त्यांनी एकदा एका कामगाराच्या डब्यात कंपनीचा चमचा पकडला. चौकशीअंती चमचा त्या कामगाराच्या घरचा निघाला. पण पकडला होता, हे कुणी नाकारू शकत नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सरावलीतल्या आपल्या दोन खोल्यांवर पाटी लावली: 'खाजगी तपास केंद्र. चोरी, फसवणूक, बेपत्ता माणसे व इतर.' या 'इतर'मध्ये आजवर एक मांजर आणि एक सायकलचा पंप सापडला होता. दोन्ही आपले आपण परत आले होते.

ज्ञानेश त्याच कारखान्यात पॅकिंगला होता. त्याची पाळी दुपारी तीनला सुरू होई, म्हणून सकाळ मोकळी. गुप्तहेराच्या सहायकाला लागणारी एक पात्रता त्याच्याकडे होती. ती म्हणजे मोटारसायकल.

दिवाळीच्या आधी, एका गुरुवारी सकाळी आनंदरावांचा फोन वाजला. पलीकडे एडवणहून एक बाई बोलत होत्या.

"तुमचं नाव भज्यांच्या कागदावर वाचलं," त्या म्हणाल्या. "माझ्या फोनात कोणतरी शिरलाय. मला सगळे माई म्हणतात. चिकूच्या वाडीतलं घर विचारा, कोणबी सांगेल. आणि लवकर या, शनवारच्या आत."

"भज्यांचा कागद!" फोन ठेवून आनंदराव म्हणाले. "ज्ञानेश, जाहिरात तळागाळापर्यंत पोचली."

"तेलापर्यंत," ज्ञानेश म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

एडवणला पोचेतो दहा वाजले. घर कौलारू, पुढं पडवी, मागं समुद्राच्या अंगाला चिकूची वाडी. माई साठीच्या, ताठ, नाकात चमकी. त्यांनी चहा दिला आणि लगेच प्रकरणाला हात घातला.

त्यांचा मुलगा प्रीतम मालवाहू जहाजावर होता. मे महिन्यात त्याचं लग्न झालं, आणि गणपती गेले तसा तोही जहाजावर गेला. जाताना आईला नवाकोरा फोन देऊन गेला. तो फोन दीड महिन्यात तुडुंब भरला होता. जागा संपली, जागा संपली, असं एकच तुणतुणं तो वाजवत होता. प्रीतमचं जहाज शनिवारी सिंगापूरला लागणार होतं. तिथं तो आईसाठी मोठा फोन घेणार होता. किती मोठा, तेवढं कळव, असा त्याचा निरोप जहाज कंपनीच्या कचेरीमार्फत सुनेकडे आला होता. बोईसरच्या दुकानदारानं दोनशे छप्पन्न सांगितले, पालघरच्यानं पाचशे बारा.

"हा केवढ्याचा आहे?" आनंदरावांनी विचारलं.

"एकशे अठ्ठावीस जिभा."

"जीबी, माई," आतून सुनेचा आवाज आला.

"तेच ते. माझी एकच जीभ, ती घरात कोणाला सोसत नाय. याला एकशे अठ्ठावीस, आणि त्यापण पुरल्या नाय." माईंनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मोठा फोन घेईन मी, पण आधी कळूदे यात कोण काय भरतंय. बरणी मोठी आणली म्हणून मुंगळे जात नायत. आणि चार दिस झाले, पोराशी बोलणं झालं नाय. आधी रोज बोलायची मी. आता फोन घेतच नाय."

आनंदरावांनी फोन बघायला मागितला. माईंनी दिला, तशी त्यांनी तो हातात न घेता रुमालात झेलला.

"उघडून बघू या का?" ज्ञानेशनं विचारलं.

"गुन्ह्याच्या जागेला हात लावायचा नसतो," आनंदराव म्हणाले. "हा पहिला नियम."

"पण साहेब, आत काय आहे ते आत बघितल्याशिवाय..."

"हा दुसरा नियम."

मग त्यांनी पिशवीतून बायकोची, म्हणजे राहीबाईंची, टाल्कम पावडर काढली आणि ठशांसाठी फोनवर भुरभुरली. ठसे उमटले नाहीत. पडवीभर मोगऱ्याचा वास मात्र सुटला. त्यानंतर त्यांनी चिकू तोलायचा वजनकाटा मागवला. फोन तोलला. एकशे नव्वद ग्रॅम. खोक्यावर छापलं होतं, एकशे अठ्ठ्याऐंशी.

आनंदरावांनी काट्याजवळ नाक नेलं. "दोन ग्रॅम जास्त! ज्ञानेश, लिहून घे. आत दोन ग्रॅम मुद्देमाल आहे."

ज्ञानेशनं फोनवरची पावडर फुंकली. काटा एकशे अठ्ठ्याऐंशीवर आला.

"मुद्देमाल पळवला," आनंदराव म्हणाले. "आपल्या डोळ्यांदेखत. टोळी सराईत दिसते."

पुढचा पाऊण तास त्यांनी येरझाऱ्या घालत घालवला आणि त्यात दोन सिद्धांत मांडले. पहिला आंतरराष्ट्रीय होता. इथून तारापूरचं अणुवीज केंद्र सरळ रेषेत किती, असं त्यांनी विचारलं. जीबी म्हणजे 'गुप्त बातमी' याबद्दल त्यांना शंका नव्हती. परकीय हेर आपले नकाशे ठेवायला एखाद्या निरुपद्रवी आजीचा फोन गोदाम म्हणून वापरत असले पाहिजेत.

"मी आजी नाय," माई म्हणाल्या. "अजून."

तेव्हा हेर मागे पडले आणि चिकूचा व्यापारी पुढं आला. तो दर आठवड्याला पडवीत बसतो, शेजारी फोन चार्जिंगला असतो, तेव्हा तो आपले वाढदिवसाचे आणि सत्काराचे फोटो तारेतून यात सोडत असणार. पण व्यापाऱ्याकडे अजून बटणांचा फोन आहे, असं निघालं. तोही निर्दोष सुटला.

उरली सून.

मेघाली चोवीस-पंचवीसची, बारीक चणीची मुलगी. ती पडवीत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. चेहरा असा, की महिनाभर कुणी तिच्याशी धड बोललं नसावं. आनंदरावांनी खुर्ची ओढली. फाटकावर डबे तपासताना जो आवाज लावत तोच लावला.

"सासूबाईंचा फोन तुम्ही वापरता?"

"नाय."

"त्यात मालिका, सिनेमे, गाणी भरता?"

"नाय म्हटलं ना."

"मग त्यांचा फोन म्हटला की तुमचा चेहरा का पडतो? घरात वागणं तुटक का? माई, ही नजर घारीची आहे. फोन भरायला लागला तो गणपतीनंतर. मुलगा गेला, सून एकटी राहिली, आणि फोन भरला! जहाजावरच्या माणसाचं आईशी बोलणं बंद पाडायचं, हाच डाव."

माईंचा हात चहाच्या कपावरच थांबला. हा संशय त्यांच्याही मनात होता, ते ज्ञानेशला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. पण परक्या माणसानं तो पडवीत मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा त्यांनाच कसंतरी झालं असावं. त्या खाली बघू लागल्या. ज्ञानेशला वाटलं, आत्ता या क्षणी मोटारसायकल सुरू करावी आणि साहेबांना इथंच सोडून निघून जावं.

मेघालीचे डोळे भरून आले, पण आवाज घट्ट राहिला.

"मी कशाला त्या फोनला हात लावू? मला तो फोन डोळ्यासमोर नको. रोज चार वाजता माई वाडीत जाऊन त्यांच्या मुलाशी बोलतात. अर्धा अर्धा तास. आणि माझ्याशी तो बोलला कधी? जहाज बंदराला लागलं तेव्हा. एकदा. समुद्रात नेट नसतं, मेघाली, असं सांगतो मला. आईसाठी मात्र रोज नेट असतं."

माईंनी कप खाली ठेवला.

"तुला करत नाय फोन?" माईंनी विचारलं. खरंच नवल वाटल्यासारखं विचारलं.

"नाय."

"रोज नाय?"

"तुमी कधी विचारलंत का?"

"हेतू: मत्सर," आनंदराव पुटपुटले. "लिही, ज्ञानेश."

ज्ञानेशनं वही मिटली.

एवढ्यात पायरीवरून आवाज आला. "माई, बोंबील घेतस का नाय? का कोर्ट उठल्यावर येऊ?"

पुष्पलता सातपाटीची. दिवसाआड टोपली घेऊन या बाजूला येई. ती केव्हापासून पायरीवर टेकली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या स्वतःच्या फोनवर रोज सकाळी ताज्या मासळीचे फोटो दीडशे गिऱ्हाइकांना जात, पैसेही त्यावरच येत, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार पडवीतल्या सगळ्यांपेक्षा मोठा होता.

"दे बगू हिकडं," ती म्हणाली.

"पुराव्याला हात..." आनंदरावांनी सुरुवात केली.

पुष्पलतानं पदराला हात पुसले आणि पुरावा उचलला. दोनदा बोट फिरवलं, तिसऱ्यांदा थांबली. मग तिनं फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. पडदाभर माईच माई होत्या. ओळीनं चौतीस माई. कुठं कपाळच, कुठं हनुवटीच, मागं चिकूची पानं.

"हिनं आपलीच शूटिंग काढलीय," पुष्पलता म्हणाली. "येकेक अर्ध्या तासाची. जागा ऱ्हाईल कशी?"

"शूटिंग कसली?" माई म्हणाल्या. "तो माझा प्रीतमशी फोन हाय. त्यानंच शिकवलं जाताना. कॅमेऱ्याचं चित्र दाब, मग बोल. समुद्रात मी दिसलो नाय, ऐकू आलो नाय, तरी तू बोलत ऱ्हा म्हणाला."

"त्यानं व्हॉट्सअपमदला कॅमेरा सांगितला असंल, माई. तू ह्यो फोटोचा दाबलास. आनि लाल बटन दाबून बोलत बसलीस."

तिनं एक चित्र दाबलं. माईंचा आवाज पडवीत घुमला:

"प्रीतम, आजपण दिसत नायस रे. असूदे. तुझ्या बायकोनं काल परत भात करपवला. मी काय बोलले नाय, गपगुमान खाल्ला. पण पोरगी वाईट नाय हां. माझ्या टाचांना भेगा पडल्या, तर रोज निजताना तेल चोळून देते. मी नको म्हटलं तरी देते. माझ्या आयशीनं नाय केलं कधी एवढं. तिला सांगू नको, शेफारेल."

पुष्पलतानं ते घाईघाईनं बंद केलं. मेघाली खांबापासून सुटी झाली होती. माईंनी पदर तोंडाला लावला. मग हळूच विचारलं,

"म्हणजे त्याला यातलं काय पोचलंच नाय?"

पुष्पलतानं फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पोचलं असतं तं हितं ऱ्हायलं नसतं, माई," ती म्हणाली आणि टोपलीतले बोंबील मोजू लागली.

मेघाली सासूजवळ जाऊन बसली. "मला वाटलं, तुमच्याशी बोलतो तो रोज," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुझ्याशी रात्री बोलत असंल."

मग दोघी एकदम हसल्या, आणि त्या हसण्यात पाणीही होतं. ज्ञानेशनं नजर वळवून वाडीकडे पाहिलं. आनंदरावांनी घसा साफ केला.

"माझा संशय," ते म्हणाले, "पहिल्यापासून घरातल्याच माणसावर होता."

शनिवारी ते अंतिम अहवाल द्यायला पुन्हा एडवणला गेले. ज्ञानेशला सुट्टी होती आणि आनंदरावांना बोंबलांचं आमंत्रण होतं. मेघालीनं चौतीसही शूटिंगा आपल्या कॉलेजच्या वेळच्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या होत्या. पुसून टाक, असं माई तीनदा म्हणाल्या होत्या आणि तिनं तीनदा ऐकलं नव्हतं. फोन आता रिकामा, हलका झाला होता. आनंदरावांनी तो परत तोलायची तयारी दाखवली. कुणी काटा दिला नाही.

साडेअकराला फोन वाजला आणि पडद्यावर खरा प्रीतम आला. दाढी वाढलेला, मागं झगझगीत दुकान. माई फोन दोन्ही हातांनी धरून बसल्या. चार दिवस नव्हे, चाळीस दिवस साठलेलं आता बाहेर पडणार, म्हणून सगळे पुढं सरकून बसले.

"जेवलास?" माईंनी विचारलं.

"जेवलो. तू बरी हायस ना?"

"बरी हाय."

"आणि काय नवीन?"

"काय नाय."

प्रीतम वाट बघत राहिला. माई पडद्याकडे बघत राहिल्या. वाडीत कुठंतरी खारीनं चिकू पाडला.

"माई, फोन किती जीबीचा घेऊ? दुकानातच उभा हाय. दोनशे छप्पन्न, का पाचशे बारा?"

"कायेक नको. हाय तो पुरे. माझं बोलणं ते असं किती?" माई म्हणाल्या. "बरं, ठेवते. तिला कर तू. वाट बघते ती."

एक मिनिट चाळीस सेकंद. ज्ञानेशनं घड्याळात पाहिलं होतं.

लगेच मेघालीचा फोन वाजला. ती तो घेऊन स्वयंपाकघरात पळाली. माईंनी पदरानं फोनचा पडदा पुसला. मग उठल्या, चपला घातल्या आणि फोन घेऊन वाडीत चालत्या झाल्या. ज्ञानेशला पडवीतून स्पष्ट दिसलं. झाडाखालच्या दगडावर त्या बसल्या, फोन समोर धरला, अंगठ्यानं नीट बघून लाल बटण दाबलं.

"हां, प्रीतम," त्यांचा आवाज आला, मोकळा, भरभरून. "आता निवांत ऐक. परवा काय गंमत झाली घरात..."

स्वयंपाकघरातलं बोलणं थांबलं. मेघाली खिडकीशी आली होती. कानाला फोन लावून ती बराच वेळ वाडीकडे बघत राहिली. चिकूच्या सावलीत माईंचा हात हवेत हलत होता, कुणाची तरी नक्कल चालली होती, बहुधा आनंदरावांची.

"अहो," मेघाली फोनमध्ये हळूच म्हणाली, "तुमी अजून दुकानातच हायत ना? पाचशे बाराच आणा."