भिंतीकडे तोंड

"साळुंकी, वकीलबाईंच्या खोलीत!" असा पुकारा झाला, आणि कुलूपसाहेब कॉरिडॉरमध्ये होते तिथेच गर्रकन वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यांना कुणी शिक्षा केली नव्हती. हा नियम त्यांचाच होता. वकिलांच्या त्या फर्ममध्ये अशिलांची खासगी माहिती सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की बाकीच्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. अशिलाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, म्हणून आलेल्या प्रत्येकाला एकेका पक्ष्याचं नाव मिळायचं. एका वजनदार व्यापाऱ्याला "बगळा, आत या" म्हटल्यावर तो जो उठून गेला तो परत आलाच नाही, पण कुलूपसाहेबांनी नियम बदलला नाही. अशील समोरून आला की कर्मचाऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं, म्हणजे आपल्याला कुणी ओळखलं ही धास्ती त्या बिचाऱ्याला नको. मोबाइल दारातल्या कपाटात ठेवायचे. इथे कोण काम करतं हेसुद्धा परक्याला सांगायचं नाही, आणि घरच्या माणसांनी ऑफिसची पायरी चढायची नाही. कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही! सगळे त्यांना पाठीमागे कुलूपसाहेब म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि भिंतीवरचा रंगाचा पोपडा बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की वळायच्या आधी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपल्याला जी साळुंकी दिसली, ती ओळखीची होती. निळे कपडे, पायात घरातल्या चपला, कपाळावर आठी. आठी त्यांनी सगळ्यात आधी ओळखली. ती आपली बायको होती.

ते झटकन फिरले, पण तोवर वकीलबाईंच्या खोलीचं दार बंद झालं होतं. आणि वकीलबाई घटस्फोटाशिवाय दुसरं कुठलंही काम घेत नसत.

कुलूपसाहेबांच्या पाचावर धारण बसली. सकाळी तर सगळं ठीक होतं. म्हणजे भांडण झालं नव्हतं. बोलणंही झालं नव्हतं म्हणा, पण ते रोजचंच. ते तडक रिसेप्शनवर गेले.

"आत्ता ज्या आत गेल्या ना," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "त्या कशासाठी आल्यात?"

रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "कोण आत गेलं, साहेब?"

"अगं, निळ्या कपड्यांतल्या."

"अशिलाच्या कपड्यांचं वर्णन करायचं नाही, साहेब."

"बरं, साळुंकी!"

"साळुंकी आली होती की नाही, हे मी सांगू शकत नाही."

"अगं, तू आत्ता माझ्यासमोर बोंबललीस!"

मुलगी खुर्चीत मागे रेलली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "कळलं मला. परीक्षा आहे ही. गेल्या महिन्यात तुम्ही आवाज बदलून फोन केला होतात, मी अशिलाचा भाऊ बोलतोय म्हणून. तेव्हा फसले आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. आता नाही फसायची, साहेब."

"ही परीक्षा नाही!"

"तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात."

कुलूपसाहेबांनी कपाळाला हात लावला. शेवटचा उपाय म्हणून ते म्हणाले, "अगं, ती माझी बायको आहे!"

"हो ना? आणि तेव्हा भाऊ होतात," मुलगी म्हणाली आणि मान खाली घालून कामाला लागली. ह्या मुलीला त्यांनीच घडवलं होतं. आपण किती चांगलं शिकवतो याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच संताप आला.

मग त्यांनी कॉम्प्युटर उघडला. भेटींची माहिती बघायला पासवर्ड लागे. कुणा एकाच्या हाती सगळं नको, म्हणून त्याचा अर्धा भाग कुलूपसाहेबांकडे आणि उरलेला त्या त्या वकिलाकडे, अशी व्यवस्था होती. ही व्यवस्था कुणी केली हे सांगायला नको. अर्धा पासवर्ड घालून ते वेड्या आशेने पडद्याकडे बघत बसले. पडद्याने त्यांना "आपला प्रयत्न नोंदवला आहे" असं नम्रपणे कळवलं. ही नोंद रोज संध्याकाळी तपासायची जबाबदारीही त्यांचीच होती.

कागद फाडायच्या यंत्राच्या पिशवीतही त्यांनी हात घालून पाहिला. बाजारात साध्या पट्ट्या करणारी यंत्रं मिळत असताना त्यांनी हट्टाने पीठ करणारं आणलं होतं. मूठभर पांढरा भुसा हातात घेऊन ते उभे असताना मोठे वकील तिथून गेले आणि म्हणाले, "वा! पिठाचा दर्जासुद्धा बघता? माणूस असावा तर असा." कुलूपसाहेब कसनुसं हसले.

ते पुन्हा कॉरिडॉरमध्ये आले तेव्हा वकीलबाईंची खोली रिकामी होती. बायको निघून गेली होती.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी दाराला किल्ली लावली. किल्ली आत जाईना. उलटी करून पाहिली, पुसून पाहिली, आपलंच घर आहे ना म्हणून दारावरची पाटी वाचून पाहिली. पाटी त्यांचीच होती, कुलूप मात्र कोरं करकरीत होतं. दार वाजवल्यावर बायकोने उघडलं आणि एक शब्द न बोलता ती आत वळली.

"कुलूप बदललं?" त्यांनी घसा साफ करत विचारलं.

"हो."

"का?"

"गरज पडली," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून भांडी जरा जास्तच जोरात ठेवल्याचे आवाज येऊ लागले.

वकिलांकडे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आधी वकील, मग कुलूप, मग सामान दाराबाहेर! सरळ विचारून टाकावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण अशिलाने आपल्या वकिलाशी काय बोलणं केलं हे फर्ममधल्या माणसाने घरी विचारायचं, म्हणजे ज्या नियमांवर आपण उभे आहोत तेच पायाखालून काढायचे. ते मूग गिळून बसले. बायकोने ताट वाढलं, तेही न बोलता. जेवताना मीठ हवं होतं, पण मागायची त्यांची हिंमत झाली नाही. बायको समोर असूनही आपल्याला तिचा आवाज ऐकावासा वाटतोय, हे त्यांना नवीनच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्वाणीचा मार्ग घेतला. ते स्वतःच अशील झाले.

"नाव?" रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"इथे कोण काम करतं हे मी बाहेरून आलेल्या अशिलाला सांगू शकत नाही, साहेब. बसा. तुम्ही कावळा."

कावळा होऊन ते बाकावर बसले. येणारे-जाणारे सगळे सहकारी त्यांना बघून भिंतीकडे तोंड करू लागले. एकाच वेळी तिघंजण भिंतीला चिकटल्यावर चहावाल्याला वाट उरली नाही आणि कॉरिडॉर तुंबला. शेवटी एकदाचा पुकारा झाला आणि ते आत गेले.

वकीलबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "माफ करा. तुमचं काम मला घेता येणार नाही."

"का?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे दुसरी बाजू आधीच तुमच्याकडे आहे!"

"दुसरी बाजू आहे की नाही, हेही सांगता येत नाही."

"अहो बाई, नियम मी लिहिलाय!" कुलूपसाहेब खुर्चीतून उठलेच. "दुसरी बाजू आधी येऊन गेली असेल तरच अशिलाला परत पाठवायचं, असं मीच लिहिलंय!"

"मग मला कशाला विचारताय?" वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "घरी जा तुम्ही. एवढं सांगायला नियमाची आडकाठी नाही."

ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. वाटेत त्यांनी ठरवलं की मान गेला खड्ड्यात. संसार वाचवायचा तर बायकोने बोलायच्या आत सगळं कबूल करून मोकळं व्हायचं. तिला काहीतरी कळलंय हे नक्की. काय कळलंय ते माहीत नाही, म्हणून सगळंच सांगायचं.

बायको कपड्यांच्या घड्या करत बसली होती. कुलूपसाहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुझ्या दादाने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ शेजारच्या मांजराने नाही पाडलं," ते एका दमात म्हणाले. "मी पाडलं."

बायकोचा हात घडीवर थांबला.

"तुझी ताई राहायला येणार होती, तेव्हा रंगकाम काढलंय असं मी तिला फोनवर सांगितलं. काढलं नव्हतं. मग खोटं उघडं पडेल म्हणून एक भिंत रंगवून घेतली."

"म्हणून ती एकच भिंत पिवळी आहे होय!"

"आणि शनिवारची मीटिंग. ती नसते. मी बागेत बाकावर बसून शब्दकोडं सोडवतो. सुटत नाही. पण तिथे कुणी काही विचारत नाही म्हणून बसतो." त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "आणखीही असेल, आठवलं की सांगतो. पण घर मोडू नकोस गं. मला तुझ्याशिवाय मीठही मागता येत नाही."

बायकोने हातातला सदरा बाजूला ठेवला. "घर कोण मोडतंय?"

"तू वकीलबाईंकडे आली होतीस ना! मी पाहिलं."

"पाहिलंत?" बायको उभीच राहिली. "पाहिलंत म्हणजे ओळखलंत! मला वाटत होतं, मला बघितलंच नाही तुम्ही. अहो, काल सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. बायको घरात आहे की बाहेर, काही न बघता तुम्ही दाराला कुलूप ठोकलंत आणि निघून गेलात! माझी किल्ली आत, फोन आत, पायात घरातल्या चपला. तशीच आले तुमच्या ऑफिसात, किल्ली मागायला. ती दारातली पोरगी म्हणे, असे कुणी इथे काम करतात की नाही, हे सांगता येत नाही. आत जायला मिळेल का म्हटलं, तर म्हणे, फक्त अशील जाऊ शकतात. मग म्हटलं, कर बाई मला अशील! ज्या वकिलाला वेळ असेल त्याच्याकडे पाठव. आणि तुम्ही समोरून आलात, हाक मारायला मी तोंड उघडलं, तर तुमची पाठ!"

कुलूपसाहेबांना बसायला काही सापडेना. ते घड्या केलेल्या कपड्यांवरच बसले.

"त्या पाठीकडे बघून किल्ली मागायची इच्छाच मेली माझी," बायको म्हणाली. "वकीलबाईंनीच फोन करून कुलूपवाला बोलावून दिला. तो मोकळा होईपर्यंत बसा म्हणाल्या. बसले. काय झालं विचारलं, सांगितलं. दार लावून, मध्ये न बोलता त्यांनी माझं सगळं ऐकलं. शेवटचं असं कुणी ऐकलं होतं, ते मला आठवतसुद्धा नाही."

या वाक्यावर कुलूपसाहेबांकडे कुठलाच नियम नव्हता. लाज वाटली, आणि ती चेहऱ्यावर दिसलीही.

"मग घटस्फोटाचं काय?" त्यांनी चाचरत विचारलं.

"कुठला घटस्फोट? तो शब्दही निघाला नव्हता," बायको म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पण वकीलबाई म्हणाल्या होत्या, आणखी काही सांगावंसं वाटलं तर पुन्हा या. मी म्हटलं होतं, आता काही उरलं नाही सांगायला. उगाच म्हटलं."

हात दाखवून अवलक्षण, ते हेच!

दुसऱ्या दिवशी कुलूपसाहेब कामाला हात न लावता कॉरिडॉरमध्येच घुटमळत होते. बाकं भरलेली होती. बायको आली, या वेळी बाहेरच्या चपला घालून. सवयीने त्यांची मान भिंतीकडे वळू लागली. त्यांनी ती जोर करून धरली, दोन पावलं पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही माझी बायको आहे!"

बाकावरच्या अशिलांनी माना वर केल्या. रिसेप्शनवरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला आणि बायकोकडे वळून हळूच विचारलं, "ओळखता का तुम्ही यांना?"

बायकोने कुलूपसाहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ओळखते की नाही," ती म्हणाली, "हे मी सांगू शकत नाही." आणि ती वकीलबाईंच्या खोलीत गेली.

दार लागलं. कुलूपसाहेब आपला हुद्दा विसरून, सगळ्यांच्या देखत, त्या दाराला कान लावून उभे राहिले. दार जाड होतं, बोलणं काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने मात्र आतून हसणं ऐकू आलं, आधी एकीचं, मग दोघींचं, आणि ते काही केल्या थांबेना. एवढं हसणारी बायको घर मोडत नाही, हे त्यांना कळलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या कशाला हसतायत हे मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. सगळी माहिती त्यांनीच पुरवली होती.