दोन सीटची गाडी आणि चार वर्षांचा अबोला

बेत आखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेतल्या बत्तीस वर्गांचं वेळापत्रक दरवर्षी मी एकटी करते. आजवर एकदाही चित्रकलेच्या बाई आणि पीटीचे सर एकाच वर्गाच्या दारात समोरासमोर आलेले नाहीत. त्यामुळे आईच्या सत्तराव्या वाढदिवसाचा बेत मी करते म्हटल्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

आईने आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले. मशीनवर बसून बसून तिच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. मागे एकदा सिग्नलला आमच्या बसशेजारी एक लाल, बसकी, बेडकासारखी गाडी येऊन थांबली. आई खिडकीतून वाकून बघत म्हणाली, "आत बसल्यावर कसं वाटत असेल गं?" मी तेवढं ध्यानात ठेवलं आणि वाढदिवसाला तसलीच स्पोर्ट्स कार भाड्याने घेतली. दुपारी एक ते पाच. तळ्यापर्यंत जायचं, काठावरच्या बाकावर बसून केक खायचा आणि परत यायचं.

गाडीवाला शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत होता. त्याने अटी वाचून दाखवल्या. गाडीत खायचं नाही. चालवायची फक्त मी. आणि पाचच्या ठोक्याला गाडी परत, कारण साडेपाचला ती एका नवरदेवाला द्यायची होती. "तो नवरदेव फार तापट आहे, मॅडम," तो म्हणाला.

गाडीची सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती. आईने तिच्याकडे पाठ केली, माझा हात धरला, "सोड" म्हणाली आणि विहिरीत पोहरा पडावा तशी आत गेली. पहिल्यांदा तिने सीटवरून बोट फिरवलं. "हाताची शिलाई आहे. एक टाका चुकलेला नाही."

मोकळा रस्ता लागल्यावर म्हणाली, "दाब की जरा." मी दाबलं. आईचा 'अगंऽऽ' एका चौकात सुरू झाला तो पुढच्या चौकात संपला. मग तिने केस सारखे केले आणि म्हणाली, "पुन्हा." तळं येईपर्यंत ती सत्तरची सोळा झाली होती.

तळ्याशी मी दार उघडलं. आईने एक पाय बाहेर काढला. दुसरा काढला. मी दोन्ही हात धरून ओढलं. ती अर्धी वर आली आणि पुन्हा आत घसरली. आम्ही एक-दोन-तीन म्हणून ओढून पाहिलं, मागून ढकलून पाहिलं, कुशीवर वळवून पाहिलं. काठावर फिरायला आलेली दोन माणसं मदतीला धावली, पण आईने त्यांना हातानेच थांबवलं. "परक्यांनी मला ओढायचं नाही. मी इथूनच बघते तळं." तिथून तिला फक्त शेजारच्या टेम्पोचं चाक दिसत होतं.

मला घाम फुटला. आणि मग आठवण झाली ती काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची. त्यांचा धंदा घरसामान हलवण्याचा. अरुंद जिन्यातून चौथ्या मजल्यावरचं कपाट खाली आणावं तर त्यांनीच.

अडचण एवढीच होती की आई आणि मावशी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आजीचं शिवणयंत्र मावशीकडे होतं. चार वर्षांपूर्वी आई तिच्याकडे गेली, तर त्या यंत्राच्या लोखंडी पायांवर काच टाकून मावशीने टीव्ही ठेवलेला. आई तशीच उठून निघून आली.

"त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही," आई म्हणाली.

"पाऊल ठेवता आलं असतं तर प्रश्नच नव्हता, आई."

तीन वाजता आम्ही मावशीच्या इमारतीखाली थांबलो. काका कामावर होते, फोनवर म्हणाले, चारपर्यंत पोचतो. तेवढ्यात मावशी खाली आली, खांद्यावर टॉवेल, हात अजून ओले.

"ताई आलीये? मग उतरत का नाही?"

मी तोंड उघडलं, तोच आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं.

"मला नाही उतरायचं," आई काचेतून सरळ पुढे बघत म्हणाली.

"दारात येऊन उतरायचं नाही? मला हिणवायला आलीस होय एवढी मोठी गाडी घेऊन?" मावशीचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. वाकून भांडताना तिची कंबर धरली, म्हणून ती तरातरा पलीकडून आली आणि माझ्या रिकाम्या सीटवर बसली. म्हणजे पडलीच. दार धाडकन लागलं.

मी केकचा खोका घेऊन फुटपाथवर उभी. काचा बंद. आतलं काही ऐकू येईना, नुसते हात दिसत होते. आईने हवेत यंत्राचं चाक फिरवून दाखवलं, मावशीने कपाळावर हात मारला. मध्येच मावशीचा हात कशाला तरी लागला आणि वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर ते कुरकुरत राहिले आणि मागे दोघी भांडत राहिल्या.

शेवटी दार उघडलं. "मी चालले," मावशी म्हणाली. पाय बाहेर आले. मावशी आली नाही. तिने पुन्हा जोर केला, पुन्हा मागे गेली. आई शांतपणे बघत होती.

"बेबी," ती चार वर्षांनी पहिल्यांदा हे नाव घेत म्हणाली, "मी पावणेदोनपासून प्रयत्न करतेय."

मावशी आईकडे बघत राहिली. मग दोघींना जे हसू फुटलं, त्याने गाडी हलायला लागली.

हसून दमल्यावर मावशी म्हणाली, "अगं, फळीला वाळवी लागली होती. फळी टाकली, पाय ठेवले. वरचं यंत्र कपाटात आहे, आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेलं. दर महिन्याला तेल घालते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकायला थांबलीस का? मी पाणी आणायला आत गेले, तर तू जिन्यात."

आईने मावशीचा ओला हात घेतला आणि आपल्या पदराला पुसला. मी उगाच केकच्या खोक्याची दोरी पुन्हा बांधली.

चारऐवजी काका सव्वाचारला आले. ट्रक, दोन माणसं, पट्टे, गोधड्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डोकं खाजवलं. "फ्रिज असता तर आडवा केला असता." मग दोघींना विचारलं, "आधी कोण?"

"थांबा हो, आमचं बोलणं व्हायचंय," मावशी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी काचेवर टकटक केली, घड्याळ दाखवलं, तापट नवरदेवाची गोष्ट सांगितली. काकांच्या माणसांनी तोवर अर्धा केक संपवला. साडेचारला कुठे दार उघडलं. काकांनी सीट पार मागे सरकवली, कमरेखाली गोधडी सारली, पट्टा घातला. "ताई, नाकासमोर बघा. श्वास सोडा." आणि बाटलीचं बूच निघावं तशी आई बाहेर आली. मागोमाग मावशी. दोघी एकमेकींना धरून जिना चढल्या. माझा निरोप घ्यायचं कोणाला सुचलं नाही.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मी गाडी परत केली. गाडीवाल्याने ओरखडे तपासले आणि एक फॉर्म पुढे केला. 'गाडीतलं सर्वांत जास्त काय आवडलं?' वाढदिवस आईचा, म्हणून मी तिलाच फोन लावला. मागून मावशीचा आवाज आणि हाताने फिरवलेल्या यंत्राची खडखड ऐकू येत होती.

"लिही," आई म्हणाली, "चटकन उठून जाता येत नाही."

मी तसंच्या तसं लिहिलं. गाडीवाल्याने ते दोनदा वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"माफ करा, मॅडम," तो म्हणाला, "ही तक्रार मी आजच वर कळवतो."