शेकाच्या पिशवीवरून रुसलेला गुडघा

श्रावणात शालनने सुमित्राचा उजवा गुडघा उसना नेला आणि त्याच्या जोरावर मंगळागौरीच्या स्पर्धेत फुगडीचं पहिलं बक्षीस मिळवलं.

कृष्णाकाठच्या त्या वसाहतीत याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिथे विरजण, शिडी आणि सांधे शेजाऱ्यांकडून मागून न्यायची जुनीच पद्धत आहे. नेणाऱ्याने बदल्यात आपला दुखरा सांधा ठेवून जायचं, म्हणजे देणाऱ्याचं अडत नाही. आणि शेजारची वाटी जशी रिकामी परत करत नाहीत, तसा सांधाही कोरडा परत करायचा नाही. तिळाचं तेल लावूनच द्यायचा.

शालन ही सुमित्राची धाकटी जाऊ, वरच्या मजल्यावर राहणारी. तिचं सदानकदा काहीतरी दुखायचं. कधी मान धरायची, कधी टाच, आणि अलीकडे उजव्या गुडघ्याची गादी झिजली होती. त्यामुळे घरातलं प्रत्येक बोलणं शालनच्या तब्येतीपासून सुरू व्हायचं. सुमित्राचं कधी काही दुखलं नाही, म्हणून तिला कधी कुणी काही विचारलं नाही. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती सांगायची. कुणी न विचारताच सांगायची.

"ताई, तुमचा गुडघा म्हणजे नुसतं सोनं," शालन म्हणाली. "स्पर्धेपुरता द्या. झाली की लगेच आणून देते."

सुमित्राने दिला. जावेला गुडघा नाकारला असता तर वसाहतभर बोभाटा झाला असता.

शालनचा गुडघा लावून ती घरात वावरू लागली. तो उठताना करकरायचा, बसताना त्यातून कळ यायची. पण खरी कळ निराळीच होती. सुमित्राचे यजमान वसंतराव हे स्वतःचा चहाचा कपसुद्धा कधी उचलून न ठेवणारे गृहस्थ. त्यांनी कपाटावरची रबरी पिशवी काढली, गरम पाण्याने भरली, हाताच्या पाठीने चटका लागतो का ते पाहिलं आणि बायकोच्या गुडघ्यावर अलगद ठेवली.

"शालनचा आहे," ते म्हणाले. "जपायला हवा. नाजूक आहे."

मग रोज संध्याकाळी ते तसंच करू लागले. सुमित्रा भिंतीकडे बघत शेक घ्यायची. पाय तिचा, नवरा तिचा, पिशवीही तिच्याच माहेरची, आणि कौतुक मात्र शालनच्या गुडघ्याचं. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

स्पर्धेच्या दुपारी ती सभागृहात पुढच्या खुर्चीवर बसली. वर मंचावर शालन फुगडी खेळत होती आणि सुमित्राचा गुडघा असा काही लवत होता, असा काही उसळत होता, की सुमित्राला त्याची ओळखच पटेना. तिच्याकडे असताना तो फक्त जिने चढायचा आणि फरशी पुसायचा. शालनच्या नावाने टाळ्या वाजल्या. सुमित्रानेही वाजवल्या, पण तिला मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुडघा परत आला. शालनने त्याला तेल लावलं होतं, वर हळदकुंकूही वाहिलं होतं. आपला गुडघा घेऊन ती वर गेली तेव्हा वसंतराव पाठोपाठ शेकाची पिशवी पोचवून आले. सुमित्राने आपला गुडघा लावला आणि ओट्यापाशी जायला निघाली, तर तो वाकेना.

तेल झालं, आर्जवं झाली. गुडघा खांबासारखा ताठ. फक्त जिन्याशी गेलं की तो चुटकन वाकायचा आणि वर, शालनच्या दाराकडे निघायचा. यावरून काय समजायचं ते सुमित्रा समजली. तो शालनवर भाळला होता.

परत आलेला सांधा नारळी पौर्णिमेपर्यंत रुळला नाही, तर वसाहतीची सांधे समिती खुद्द सांध्याला विचारते, आणि तो म्हणेल तिथे त्याला राहू देते. गुडघा शालनकडे जातो म्हणाला, तर सुमित्राला तिची ती झिजलेली गादी जन्मभर वागवावी लागणार होती. आणि शालन दरवर्षी फुगडी खेळणार होती. पौर्णिमेपर्यंत सुमित्राला धड झोप लागली नाही.

समितीच्या अध्यक्ष डॉ. मोहोळकर या हाडांच्या डॉक्टर. त्यांनी सुमित्राला टेबलावर बसवून गुडघा चाचपला, वाटी डावी-उजवीकडे हलवून पाहिली.

"गादी उत्तम. वंगण भरपूर. अस्थिबंध घट्ट. शरीराने याला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा आता त्यालाच विचारू. एकदा वाजला तर हो, दोनदा वाजला तर नाही. शालनबाईंकडे जायचंय?"

कट. कट.

शालनचा चेहरा उतरला. "अहो, एवढी हौस पुरवली मी त्याची."

"मग सुमित्राबाईंकडे राहायचंय?"

गुडघा वाजला नाही.

"गप्प बसलेलं समितीला चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"त्याला विचारा, माझं काय चुकलं?" सुमित्रा म्हणाली.

"हो किंवा नाही म्हणता येईल असं विचारा. तुम्हीच विचारा."

सुमित्राने मान खाली घातली. "तेल कमी पडलं का रे?" कट, कट. "फुगडी खेळायची आहे?" कट, कट.

मागे बसलेले वसंतराव घड्याळ बघत म्हणाले, "जरा लवकर आटपा. शालनच्या गुडघ्याची शेकायची वेळ झाली."

कट.

एवढ्या जोरात वाजला की दाराशी उभे असलेलेही वळले. सुमित्राने हळूच विचारलं, "शेकाचं?"

कट.

तिला पुढे काही विचारावं लागलं नाही. गुडघा जिन्याने का चढत होता तेही तिला कळलं. तो शालनकडे निघालाच नव्हता, पिशवीकडे निघाला होता. इतकी वर्षं तो मुकाट्याने चालला, म्हणून तिने त्याला कधी हात लावून पाहिलं नव्हतं. आणि दुसऱ्याचा करकरणारा गुडघा त्याच्याच जागी बसून रोज शेक घेऊन गेला होता. हे दुखणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

"समितीच्या मते सांध्याचा मत्सर रास्त आहे," डॉ. मोहोळकर म्हणाल्या. "गुडघा मालकिणीकडेच राहील. त्याला शेक द्यावा."

"पण त्याला दुखतंय कुठे?" शालन म्हणाली. "दुखतं ते माझ्या गुडघ्याला."

"दुखलंच पाहिजे असं नियमात कुठे म्हटलेलं नाही."

संध्याकाळी सुमित्रा वर गेली. गुडघा पायरीपायरीला सुरेख वाकत होता.

"शालन, पिशवी दे."

"ताई, माझं अजून शेकायचं राहिलंय."

"नंतर शेक. आज आधी माझं."

असं ती त्या घरात पहिल्यांदाच बोलली. शालनने पिशवी दिली.

खाली येऊन सुमित्राने स्वतःच पाणी तापवलं, पिशवी भरली आणि पलंगावर पाय पसरून गुडघ्यावर ठेवली. वसंतरावांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"दुखत नाही, म्हणूनच."

वसंतरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, जवळ येऊन चटका लागतो का ते हाताच्या पाठीने पाहिलं, आणि पिशवी जराशी सरकवून नीट ठेवली. गुडघा हळूहळू सैल पडला.

तेवढ्यात डावा गुडघा वाजला.

वसंतराव उठले आणि आणखी पाणी तापत ठेवायला स्वयंपाकघरात गेले.