गुरुजींचा ब्लफ

हातात काहीच नसलं की आमचे बाळशास्त्री गुरुजी मंत्र पुटपुटायला लागतात. तीन पत्तीच्या डावात राजा-राणी आली तर गप्प बसतील, पण दुर्री, पंजी आणि सत्ती आली की ओठ हलतात, डोळे अर्धे मिटतात आणि मग गर्जना होते, "माही चाल! दहा चिंचोके!" समोर बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे सुशीलाकाकू, थंडपणे म्हणतात, "दाखवा." संपलं. चिंचोके काकूंच्या वाटीत.

मी अकोल्यात त्यांच्या शेजारी राहतो, शाळेत शिकवतो. रविवारी दुपारची जेवणं झाली की गुरुजींच्या ओसरीवर सतरंजी पडते. पैसे लावायचे नाहीत ही काकूंची अट, म्हणून चिंचोके. पूजापाठ करणाऱ्याच्या घरात पत्ते कसे, असं मी एकदा विचारून बसलो. गुरुजी उखडले.

"पोळ्याले सारं वऱ्हाड पत्ते खेळते मास्तर, तवा कोनी काही म्हणते का? आमी बाकीच्या रविवारी त्याचीच प्रॅक्टिस करून राहिलो!"

जिंकायचं असेल तर ते ब्लफनेच, असा त्यांचा बाणा. चांगले पत्ते घेऊन काय, कोणीही जिंकतो. डाव हरले की ते मांडी बदलून मलाच शिकवायला लागतात, "पत्ते आपल्या हाती नसतात मास्तर. तोंड आपल्या हाती असते. तोंडावरची माशी हालू द्याची नाई." सिद्धांत बिनतोड होता. अडचण एवढीच, की त्यांचं तोंड त्यांचं अजिबात ऐकायचं नाही. मनात आलेलं सगळं आधी चेहऱ्यावर यायचं, मग गुरुजींना कळायचं.

त्यांनी प्रयत्न कमी केले असं मात्र कोणी म्हणू नये. सकाळची पूजा आटोपून ते आरशासमोर उभे राहून चेहरा दगडासारखा करायचे. काकूंना वाटलं दाढ दुखते आहे. त्यांनी लवंग आणून दिली. मग एका रविवारी गुरुजी धोतर, उघडं अंग आणि वर काळा गॉगल अशा थाटात डावाला बसले. "आता वाचा म्हना माहे डोये!" लागोपाठ तीन डाव हरले. चौथ्याला काकूंनाच दया आली. "अहो, काढा तो चष्मा. त्याच्या काचीत तुमचे पत्ते दिसून राहिले."

भाजी घेतानाही तीच गत. बार्शीटाकळीचे नामदेवभाऊ आमच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसतात. एकदा गुरुजी भाव ऐकून "नको मले तुही भेंडी!" म्हणत ताडताड निघाले. भाऊ मागून हाक मारतील अशी खात्री. भाऊंनी हाक मारली, पण वेगळी. "गुरुजी, जाता तर जा, पन हातातली भेंडी ठेवून जा!"

मला विचाराल तर या माणसावर लोकांचा जीव आहे तो याचमुळे. नांदगाव खंडेश्वरला एका लग्नात एक विधी त्यांच्याकडून राहून गेला. दुसऱ्या कुणी तो बेमालूम गिळला असता. गुरुजींनी ऐन जेवणावळीत नवरा-नवरीला पानावरून उठवलं. "माहं चुकलं हो, या, परत बसा." नवरदेवाच्या हातात जिलबी तशीच.

दोन महिन्यांपूर्वी काकूंचं पोट सारखं दुखायला लागलं. अमरावतीला तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला गुरुजी मला घेऊन गेले. काकू घरीच होत्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पोटात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, पंधरा दिवस थांबलं तर चालेल, त्याहून जास्त नको.

काकूंची मोठी बहीण अशाच ऑपरेशनमधून परत आली नव्हती. आणि दुसऱ्याच दिवशी हैदराबादहून गुरुजी-काकूंची मुलगी पंधरा दिवसांसाठी येणार होती, आठ महिन्यांच्या नातीला पहिल्यांदाच घेऊन.

बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर गुरुजी म्हणाले, "मास्तर, हे पंधरा दिवस तिले नातीसंग हासू द्या. मंग मी सोता सांगतो. आज मले हारून चालत नाई."

मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवून चेहरा दगडासारखा केला आणि ते एकदम माझ्याकडे वळले.

"पाहा. दिसून राहिलं का?"

"दिसतंय गुरुजी."

मूर्तिजापूर आलं. त्यांनी नळावर जाऊन तोंड धुतलं, गंध पुसलं गेलं. "आता?"

अजूनही दिसतंय, अशी मी मान हलवली. खोटं बोलायला हवं होतं मी. पण त्या चेहऱ्यासमोर बोलवेना.

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. "काय म्हने डाक्टर?"

"काही नाई. पित्त. गोळ्या देल्या," गुरुजी म्हणाले, आणि चपला न काढताच थेट देवघरापर्यंत गेले. तिथून परत आले, चपला काढल्या, पाणी प्यायले, रिकामा गडू पुन्हा तोंडाला लावला. आंधळ्यालाही कळलं असतं.

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"मले वाटलंच होतं पित्त असल म्हून," काकू म्हणाल्या. "उगाच घोर लावला जिवाले. जा, हातपाय धुवा."

गुरुजी न्हाणीकडे जाताना मला कोपरानं ढोसून गेले. "पाह्यलं? जमलं!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना.

न्हाणीत पाण्याचा आवाज सुरू झाला. काकू माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, ऑपरेशन कधी आहे?"

"पंधरा दिवसांनी," मी म्हणालो.

त्यांनी पदरानं हात पुसले. आत गुरुजी चक्क गुणगुणत होते.

"मंग पंधरा दिवस त्याईले जिकू द्या," त्या म्हणाल्या. "आन् पयले तुमी डोये पुसा. तुमचंही तोंड काही कामाचं नाई."