शब्द मोजून देणारे वाघमारे बाबू

आमच्या माजलगावात कुणाचंही लग्न असो, वाघमारे बाबू स्टेजवर चढतात, नवरदेवाचा हात धरतात, "आठ नंबर" एवढंच म्हणतात आणि जेवायला जातात. नवरदेवाला वाटतं, म्हातारा आपल्याला आठव्या पंगतीला बसायला सांगून गेला.

बाबू तारऑफिसात होते आणि मी तिथल्याच तारा वाटायचो. माझी शाळा चौथीत सुटली. पण तीस वर्षं या तालुक्यात घरोघर इंग्रजी पोचवली ती माझ्या सायकलनं, हे शिकलेल्यांनी ध्यानात ठेवावं. त्या काळी तारेच्या शुभेच्छा छापील असायच्या आणि प्रत्येकीला नंबर असायचा. हितून नुसता नंबर पाठवायचा, पलीकडचा बाबू त्याचं अख्खं इंग्रजी वाक्य लिहून द्यायचा. आठ नंबर नवरानवरीचा. त्यात स्वर्ग होता, आशीर्वाद होते आणि त्यांचा वर्षावही होता.

"आप्पा, एवढा माल एका आकड्यात बसवणारी दुसरी भाषा दाखव," बाबू मला म्हणायचे. मी दाखवली नाही. पण हरलो असंही म्हणालो नाही.

तारेत शब्दाला पैसे पडायचे. गिऱ्हाईक खिडकीपुढं उभं राहून मराठीत पानभर रडायचं, बाबू त्याचं चार शब्दांत इंग्रजी करायचे. हीच खोड घरी गेली. शांताबाई वहिनी विचारायच्या, भाजी कशी झाली? बाबू म्हणायचे, "पोचली."

माणूस गेल्याच्या तारेला मात्र बाबूंचा हात सैल सुटायचा. "मेल्याल्या माणसाला नंबर लावायचा न्हाई," म्हणायचे. इंग्रजीत मरणाला किती शब्द आहेत ते त्यांना पाठ. एकात मुदत संपते, एकात माणूस पुढं निघून जातो, एकात नुसता झोपतो. आणि सगळ्यांत कामाचा शब्द 'सिरियस'. तारेत 'सिरियस, निघा' आलं की गावोगाव लोक ओळखायचे, माणूस गेला. पण ज्याला ओळखायचं नसेल त्याला घरापर्यंत आशा धरून जाता यायचं.

"गोऱ्या साहेबानं ह्यो शब्द दुसऱ्याच कामाला आणला व्हता," बाबू सांगायचे. "आपण त्याला आपल्या कामाला जुंपला. भाषा जो वापरतो त्याची, आप्पा."

आता तार बंद पडली. पोस्टातल्या पेन्शनरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर ओकेचा नुसता के झाला, तरी बाबूंना राग आला नाही. "आमी पैशापायी शब्द तोडले, हे लोक फुकटात तोडतेत. तोडू दे. इंग्रजी लई सोशिक हाय."

मग गेल्या वर्षी शांताबाई वहिनी गेल्या. ग्रुपवर एकाखाली एक आरआयपी येत राहिले. बाबूंनी चष्मा पुसून सगळे वाचले. मोबाईल माझ्याकडं देत म्हणाले, "बघ बे आप्पा, कुणी तिचं नाव टाकलंय का." मला इंग्रजी वाचता येत नाही, पण एकसारखी तीनच अक्षरं खालपर्यंत दिसत होती. नाव नव्हतं. तेव्हापासून ग्रुपात कुणाचंही कुणी गेलं तरी बाबू एका बोटानं तासभर टायपत बसतात. माणसाचं नाव घालून, प्रत्येकाला वेगळं वाक्य.

बाबूंचा एक ताठा होता. आलेल्या तारेतला शब्द आपण कधी बदलला नाही. मीही गावभर तेच सांगायचो.

गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईनं ट्रंक आवरली. त्यात माझ्या बापाच्या वेळची तार सापडली. माझं मूळ गाव कडा. तिथून आलेली ही तार बाबूंनी मला वाचून दाखवली होती, "वडील सिरियस, निघ." बाबूंच्या हाताखाली मी हा शब्द शेकड्यानं लोकांच्या दारात टाकलेला. पण बापाच्या वेळी तो खराच धरला. बीडच्या स्टँडवर बापासाठी मोसंबी घ्यायला थांबलो आणि गाडी हुकली. कड्याला पोचलो तर सगळं उरकत आलेलं. आपण मोसंब्यापायी बापाला मुकलो हे तेव्हापासून मनात बसलं. ते फळ मी पुन्हा तोंडात घातलं नाही आणि कुणाला कारणही सांगितलं नाही.

सूनबाई म्हणाली, "मामा, हितं सिरियस न्हाई. एक्सपायर्ड लिवलंय."

म्हणजे मुदत आधीच संपली होती. मी तार घेऊन तडक बाबूंच्या ओसरीवर गेलो.

"बाबू, तुमी शब्द बदलला."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "बदलला न्हाई. आला तसाच लिवलाय, बघ. तोंडानं वाचल्यालं सरकारी नसतंय."

"पर कावून?"

"सहा घंटे एसटीत एकलाच बसणार व्हतास."

मग मी त्यांना मोसंब्याचं सांगितलं. बाबू बराच वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले.

"मला कधी बोलला न्हाईस."

"तुमी एवढे शब्द मोजून देता, मग मीच कशाला खर्चू?"

ते हसले नाहीत. पुण्याला असलेल्या लेकीच्या फोटोकडं बघत म्हणाले, "आप्पा, माझ्या वक्ताला कुणीतरी ग्रुपवरचं तिला धाडंल, तसं कळू देऊ नको. ती तीन अक्षरं तिनं वाचायची न्हाईत. फोन तू कर."

"मला कुठं इंग्रजी येती?"

"एक शब्द येतोय की."

"येतो," मी म्हणालो. "पर मी तुमच्या आधी गेलो तर?"

"तर मी अख्खं वाक्य लिवीन. नाव घालून."

तारेच्या पाठीवर मी लेकीचा नंबर उतरवून घेतला. बाबूंनी तो सावकाश सांगितला, आणि मग न विचारता परत एकदा सांगितला. शब्द वाया घालवताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

परत येताना बाजारात फळाच्या गाड्यापाशी थांबलो आणि चार मोसंबी घेतली. घरी येईपर्यंत रस्त्यातच एक सोलून खाल्लं.