दुकान निघालं लीड्सला

"...दुकान आता लीड्सलाच न्यायचं. दीप्तीला उठल्या उठल्या समोर दिसलं पायजे. पैसा गेला तर जाऊ दे, पर म्हातारपणी मला आता..."

एवढं ऐकू आलं आणि शालूबाईंच्या कुकरनं शिट्टी मारली.

झुंबरबाई मधल्या भिंतीशी उभ्या होत्या. (कान लावून नव्हे. त्या भिंतीवरचं शेवाळ खरवडत होत्या. एप्रिलातही भिंतीला शेवाळ असतं, बघायला नजर लागते.) कुकर गप्प होईपर्यंत पलीकडचे हंबीरराव पायात चपला सरकवून बाहेर पडलेसुद्धा. वाक्य अर्धंच राहिलं. झुंबरबाईंना अर्धं वाक्य पचत नसे. राहिलेलं त्यांनी पदरचं घालून पुरं केलं: हंबीरराव गुजरीच्या सराफ बाजारातलं पैंजणांचं दुकान मोडणार आणि शालूबाईंना घेऊन इंग्लंडला लेकीकडं कायमचे जाणार.

दुपारी ही बातमी मंगळवार पेठेतल्या गिरणीत पोचली आणि पिठाबरोबर घरोघर गेली. संध्याकाळी दूध डेअरीवर ती झुंबरबाईंना परत भेटली तेव्हा चांगली अंगानं भरली होती. हंबीररावांचं घर विकून झालं होतं आणि विमानाची तिकिटं शालूबाईंच्या तांदळाच्या डब्यात होती.

"तुला कुणी सांगितलं?" केरबांनी विचारलं. झुंबरबाईंचे यजमान एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी माणसाकडं बघताना तिकीट काढलंय का, अशाच नजरेनं बघत.

"ऐकलं मी."

"पुरतं?"

"पुरतं ऐकायची वाट बघत बसले तर गल्लीला कळायचं कवा?"

पण त्या रात्री झुंबरबाईंना भाकरी गोड लागली नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. दीप्ती नावाला हंबीररावांची, वाढली निम्मी यांच्या चुलीपुढं. लहानपणी खेळता खेळता तिनं वरवंटा सोडला तो नेमका झुंबरबाईंच्या डाव्या पायावर. करंगळी मोडली, आणि बरी झाली ती वाकडीच. लग्न होऊन पोरगी लीड्सला गेल्यापासून ही करंगळी अधूनमधून ठणकायची. केरबा म्हणत, वात आहे. झुंबरबाईंना ठाऊक होतं काय आहे ते. आता आई-बापही तिकडं गेले, तर भिंतीपलीकडनं दीप्तीचं नाव तरी कोण काढणार?

दुसऱ्या दिवशी खरवसाची वाटी पदराखाली झाकून त्या हंबीररावांच्या सोप्यात जाऊन बसल्या.

"काय ओ दादा, जायाचं ठरलं व्हय? आमाला सांगितलं न्हाईसा."

"कुठं जायाचं?"

"लीड्सला. दुकानासकट."

हंबीरराव एवढे हसले की खरवस सांडायची वेळ आली. "अवो वैनी, दुकान हितंच ऱ्हातंय. वेबसाईट करायलोय! कॉम्प्युटरच्या काचंत आपलं दुकान दिसतंय. दीप्ती तिकडं बसून बघल." तेवढ्यात शालूबाई आतून आल्या. हंबीररावांनी लगेच आवाज चढवला, "म्हंजे एक्स्पोर्टसाठी वो! धंदा वाढवायला नको?"

झुंबरबाईंनी ही एक्स्पोर्टची थाप तिथल्या तिथं ओळखली आणि पोटात ठेवली. त्यांना दुसरंच सुचलं होतं. "त्यात माणसं दिसत्यात काय?"

"फोटू लावला की दिसत्यात."

"मग माझा लावशीला?"

"तुमचा तर पयला!" हंबीरराव म्हणाले. माणूस मुळात नाही म्हणणारा नव्हे. घोटाळा इथंच सुरू झाला.

वेबसाईट करणारे नागसेन कांबळे राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसत. तिशीचे, शांत, गिऱ्हाइकाला खुर्ची पुसून देणारे. हंबीरराव गेले ते शालूबाईंना घेऊन, आणि झुंबरबाई आपल्या आपण. (रिक्षात जागा होती.)

"काका, जोतिबाच्या यात्रेत दुकान मांडायचं तर काय काय लागतं?" नागसेननी विचारलं.

"जागंचं भाडं. पाटी. मांडव घालणाऱ्याची मजुरी."

"इथंपण तेच. जागेचं भाडं वर्षाला. नावाचं भाडं वर्षाला. आणि पानं बांधायची मजुरी, जेवढी पानं तेवढी."

"नावाचं भाडं? नाव माझ्या आज्जीनं ठेवलंय, फुकट."

"ते गल्लीपुरतं, काका. जगात वापरायचं तर भाडं."

"आणि न्हाय भरलं तर?"

"दुसरं कुणीतरी घेईल."

"घिऊ दे की. हुपरीत तीन हंबीरराव हायत, त्येनी कुठं भरलंय?"

नागसेन हसले आणि पाच पानांचा आकडा कागदावर लिहून कागद फिरवला. शालूबाईंचं माहेर गडमुडशिंगीचं, दुधाच्या धंद्यातलं. मोठा आकडा दिसला की त्या मनात त्याची म्हैस करत. "ही तर दुभती मुऱ्हा झाली!"

"पाच पानं आहेत, मावशी."

"म्हस दूध देती. ही काय देणार?"

हंबीरराव पंख्याकडं बघत राहिले. उत्तर होतं, पण ते बायकोसमोर बोलायचं नव्हतं, आणि एक्स्पोर्ट हा शब्द म्हशीपुढं टिकेना.

शेवटी विसार दिला. दोन दिवसांनी नागसेन कॅमेरा घेऊन गुजरीत आले. झुंबरबाईंनी जांभळी पैठणी नेसली, नथ घातली, पावडरीचा थर दिला. दुकानात एक बुटकं निळं स्टूल होतं. शाळा सुटली की दीप्ती त्यावर बसून घुंगरं निवडायची. त्याच स्टुलावर झुंबरबाई बसल्या. हंबीररावांनी दुकानातले सगळ्यात नाजूक पैंजण त्यांच्या पायांत घातले. फोटो निघाला. हे सगळं आपल्यापाशीच ठेवायचं असं झुंबरबाईंनी मनाशी घट्ट ठरवलं, आणि गिरणीपर्यंत ठेवलंही.

आता आपल्याकडं लग्नपत्रिकेत एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं तर पुढच्या पिढीचं जाणं-येणं बंद होतं. आणि ही तर जगभर जाणारी पत्रिका! दुसऱ्या दिवसापासून हंबीररावांच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. आत्याचे जावई आले. तालमीचे अध्यक्ष आले, ते तर गॉगल घालूनच आले. हुपरीहून थोरले चुलतभाऊ धोंडीरामतात्या एसटीनं आले, सगळं बिऱ्हाड आणि पिशवीत फेटे घेऊन. दुकानातला निम्मा माल तात्यांच्या घरात घडायचा.

"पैंजण माझ्या हातचं," तात्या म्हणाले, "आणि फोटू ह्या झुंबरबाईंचा? ह्या कोण लागत्यात आपल्या?"

"मी शेजारीण हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "पावण्याच्या आधी शेजारी लागतो, तात्या."

"मग पावण्याचा फोटू वर, शेजाऱ्याचा खाली."

खाली कुणीच बसायला तयार नव्हतं. आत्याच्या जावयांना उजवी बाजू हवी होती, अध्यक्षांना मधली. शेवटी हंबीररावांनी ज्याला त्याला स्वतंत्र पान कबूल केलं. नागसेननी यादीवर बोट फिरवलं आणि घसा साफ केला. "काका, सगळे बसले. पण पैंजणांना आता जागा उरली नाही."

"राहू देत," हंबीरराव म्हणाले. "पैंजण रुसत न्हाईत."

नवा आकडा आला तो शालूबाईंच्याच हाती पडला. त्यांनी तो दोनदा बघितला. "हा तर गोठाच झाला की ओ! ह्या गोठ्यावर पाणी सोडा न्हायतर मला मुडशिंगीच्या बसमधी बसवा."

दुसऱ्या दिवशी मधल्या भिंतीचं शेवाळ काढायची गरजच पडली नाही. पलीकडं कुणी बोलतच नव्हतं. दुपारी झुंबरबाई गुजरीत गेल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हंबीरराव गादी सोडून त्या बुटक्या निळ्या स्टुलावर बसले होते, गुडघे छातीला लावून, आणि ताटलीतली घुंगरं निवडत होते. चांगली एकीकडं, चेपलेली एकीकडं.

"नको म्हणून सांगून टाकतो नागसेनला," ते मान वर न करता म्हणाले. "हुईत न्हाय आपल्यानं."

"एक्स्पोर्टचं मग?"

"कसला एक्स्पोर्ट आणि कसलं काय, वैनी." त्यांनी एक घुंगरू कानाशी हलवून बघितलं. "दीप्तीचा फोन येतोय. ती तिकडनं बाबा म्हणती. मी म्हणतोय, बरी हायस न्हवं? घे, आईशी बोल. झालं. त्या दिशी एकटाच त्येच बडबडत हुतो, म्हातारपणी मला आता बोलाय कोण शिकवणार? हितं ती ह्या स्टुलावर बसायची, मी गादीवर तार वळायचो. तास न् तास दोघंबी गप. तसलं गप बसणं फोनवर जमत न्हाय. बिल चढतंय."

झुंबरबाईंची करंगळी ठणकली. वात नव्हता, भर वैशाख होता.

त्या खाली पायरीवर टेकल्या. ही सगळी वरात आपण गिरणीत सोडलेल्या एका वाक्यामागनं आली, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. नथीचा फोटो डोळ्यांसमोर आला. लीड्समध्ये दीप्ती काच उघडते आणि आत मावशी! हे चित्र त्यांनी गेले काही दिवस रोज निजताना बघितलं होतं. त्यांनी ते घडी घालून ठेवलं.

"दादा, ऐका माझं. एकाचाबी तोंडवळा लावू नका. माझाबी नको. एक गाळला तर एक रुसतोय, समदे गाळलं की कोण कुणावर रुसणार? एकच पान करा. नाव, पत्ता आणि दुकान."

हंबीररावांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुमचाबी नको?"

"नको म्हटलं न्हवं," झुंबरबाई म्हणाल्या आणि नाक ओढलं. (धूळ होती दुकानात.)

एका पानाचा आकडा म्हणजे जेमतेम एक रेडकू झालं. शालूबाईंनी ते नाइलाजानं दावणीला बांधून घेतलं. चार दिवसांनी हंबीरराव भिंतीपाशी येऊन कुजबुजले, "वैनी, नागसेन म्हणतोय, एक तरी फोटू पायजेच. मग तुमचाच ठेवलाय. पर कुणाला बोलू नका."

झुंबरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक बातमी गिळली. गिरणीत जायचं बंद केलं, दळण केरबांच्या डोक्यावर दिलं. पोट फुगलं, ओवा खाल्ला, पण बोलल्या नाहीत.

उद्घाटनाला नागसेनच्या ऑफिसात उभं राहायला जागा नव्हती. नारळ जिन्यात फोडला. तात्या फेट्यासह हजर होते, आपला नाही तर निदान दुसऱ्या कुणाचा फोटो नाही ना, याची खात्री करायला. झुंबरबाई सर्वांत पुढं, आधीच लाजून. नेट सावकाश चालत होतं. चित्र वरनं खाली एकेक पट्टी उतरू लागलं. आधी दुकानाचं नाव आलं. टाळ्या पडल्या. मग जांभळ्या पैठणीचा काठ दिसला. झुंबरबाईंनी पदर सारखा केला. आता चेहरा येईल म्हणून त्या बघत राहिल्या, पण चित्र काही वर चढेना, खालीच उतरत गेलं. काठाखाली पैंजण आले. पैंजणांखाली दोन पावलं, त्यांच्या शेजारी निळ्या स्टुलाचा पाय. आणि चित्र संपलं.

"तोंडवळा नको म्हणाला होता ना, काका," नागसेन हळूच हंबीररावांना म्हणाले.

"पाय कुणाचं हे?" तात्यांनी विचारलं.

"मॉडेलचे," नागसेन म्हणाले.

तात्या वाकून बघू लागले. "कसली मॉडेल? टाचंच्या भेगा बघा की. भात लावणारी दिसती कोण तरी."

झुंबरबाईंनी आपली पावलं पैठणीत ओढून घेतली. कुणीही रुसलं नाही. सगळे पेढे खाऊन समाधानानं घरी गेले.

रविवारी शालूबाईंनी भिंतीवरनं हाक मारली, "झुंबरवैनी, पळत या! फोन आलाय!"

झुंबरबाई गेल्या आणि दारातच थबकल्या. हंबीरराव फोनवर बोलत होते. बोलतच होते. "...व्हय गं, त्येच स्टूल. एक पाय मोडलता, मी नवा बसवला. न्हाय न्हाय, रंग त्योच हाय... घुंगरं? निवडतो की मीच. तुझ्यासारखी कुठं जमत्यात, चेपल्यालं एखादं ऱ्हातंय... हितं ऊन लई पडलंय बघ. तुझ्याकडं? ...आणि मग?"

शालूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या झुंबरबाईंना एवढंच म्हणाल्या, "रेडकू दूध द्यायला लागलं बघा."

बऱ्याच वेळानं रिसीव्हर झुंबरबाईंकडं आला. तो कानाला ऊन लागत होता.

"मावशी!" पलीकडून दीप्ती हसत होती की रडत होती, कळेना. "ऑफिसात उघडलं गं मी. आधी स्टूल दिसलं, आणि मग तुझी करंगळी! सगळ्यांना दाखवली. म्हटलं ही मी मोडलेली आहे, ही माझी मावशी."

झुंबरबाईंना बोलता येईना. गल्लीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, "बरी हायस न्हवं?"

"बरी आहे. आणि मावशी, टाचांना कोकम तेल लाव गं. अख्खं ऑफिस विचारतंय, दुखत नाही का म्हणून."

घरी आल्या आल्या झुंबरबाईंनी कोकमाचा गोळा तापत ठेवला. केरबा ओट्यावर बसून बघत होते.

"गिरणीत इचारत हुते," ते म्हणाले. "हंबीरराव लीड्सला गेलंच न्हाईत म्हणं. तुझी बातमी खोटी."

"निम्मी तर खरी झाली?"

"झाली की." केरबांनी बायकोच्या पावलांकडं तिकीट तपासल्यासारखं बघितलं. "गल्लीतलं एक माणूस गेलंय तिकडं. घोट्याखालचं."